रस्त्याच्या अंगाला

“सर, हिंजवडीच्या ग्राउंडवर रस्ता कुठल्या बाजूला धरायचा?” बुधवारी संध्याकाळी बुटाची नाडी बांधता बांधता, मान वरही न करता प्रज्ञेशनं विचारलं आणि सर्जेराव ओव्हाळांच्या तोंडातली शिट्टी तोंडातच राहिली. प्रश्न साधा होता. कंपन्यांच्या फुटबॉल स्पर्धेची शनिवारची फायनल हिंजवडीला, प्रतिस्पर्धी कंपनीच्या मैदानावर होती आणि त्या मैदानाच्या चारी बाजूंनी रस्ता होता. गेली दोन वर्षं सर्जेराव या पोरांकडून एकच गोष्ट घोकून घेत आले होते. पास माणसाच्या पायात द्यायचा नाही, रस्त्याच्या अंगाला हातभर जास्त टाकायचा. गोलात मारतानाही नेम रस्त्याच्या अंगाला, खांबाच्या हातभर बाहेर धरायचा. बॉल आपोआप येतो. हे ‘आपोआप येतो’ म्हणताना त्यांचा उजवा हात भाकरी उलटावी तसा हवेत फिरायचा, आणि पोरं मान हलवायची. दिवसभर काचेच्या इमारतीत कॉम्प्युटरपुढे बसून आलेली, चांगल्या घरची, चांगल्या पगाराची पोरं. मान हलवण्याचं शिक्षणच होतं त्यांना. “म्हणजे इथलं आमचं सेट आहे,” प्रज्ञेश पुढे म्हणाला, “इथे आम्ही ॲडजस्ट करतो. तुम्ही हातभर म्हणालात की घेणारा एक स्टेप तिकडे सरकतो. शूट करताना तेवढं मनात वजा करायचं. आम्ही त्याला सर फॅक्टर म्हणतो.” मागे कोणीतरी हसलं. वाईट हसलं नाही, घरातल्या वडीलधाऱ्याच्या खोडीला हसतात तसं. “फक्त तिकडे कुठला रोड पकडायचा ते सांगून ठेवा, म्हणजे ऐन वेळी कन्फ्यूजन नको.” सर्जेराव म्हणाले, “बघू.” पोरं पळायला गेली, तेव्हा त्यांनी पायापाशी पडलेला बॉल बुटाच्या टोकानं हलकेच पुढे ढकलला. हिरव्यागार, कापून गुळगुळीत केलेल्या त्या लॉनवरून बॉल सरळ गेला, सरळच राहिला आणि थांबला. तो आला नाही. दोन वर्षं तो येत नव्हता आणि हे मैदानावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. एकालाच काय ते माहीत नव्हतं आणि त्याच्याच गळ्यात शिट्टी होती.

मैदान कललेलं होतं. म्हणजे जुनं मैदान. ही कंपनी, तिची काच, तिचं पार्किंग, तिचं लॉन हे सगळं येण्याआधी विश्रांतवाडीत याच जागी पंपांचा कारखाना होता आणि कारखान्याचं मैदान आळंदी रस्त्याकडून मागच्या ओढ्याकडे उतरत गेलेलं होतं. हे काही गुपित नव्हतं. कामगारांच्या पोरांची लग्नं तिथेच लागायची आणि पंगतीत पत्रावळीवरची आमटी नेमकी ओढ्याच्या बाजूला पळायची. लोक खालच्या बाजूला भाताचा बांध घालून जेवायचे आणि त्यात कोणाला काही वाटत नसे. आपल्या घराची फरशी कुठे खोलगट आहे हे पायाला माहीत असतं, डोक्याला नसतं, तसंच. सर्जेराव, तेव्हाचा सर्जा, कारखान्यात खेळाडू म्हणून भरती झालेला सेंटर फॉरवर्ड, त्या मैदानावर असा खेळायचा की बघणाऱ्यांनी टोप्या उडवाव्यात. त्याचा जमिनीलगत मारलेला बॉल खांबाच्या बाहेर निघालेला दिसायचा. गोलकीपर बाहेर चाललाय म्हणून हात कमरेवर ठेवायचा आणि बॉल शेवटच्या क्षणी खांबाला वळसा घालून आत शिरायचा. “सर्जाचा बॉल घराची वाट विसरत नाही,” असं लोक म्हणायचे. कोणी असं म्हणालं नाही की, अरे, तो नुसता उतारावरून घरंगळतोय. सर्जाच्याही मनात ते कधी आलं नाही. पुढे कारखाना बंद पडला. सगळ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, म्हणजे ती स्वेच्छा ज्यांची होती त्यांनी ती घ्यायला लावली. मग बुलडोझर आले आणि एका उन्हाळ्यात मैदान टेबलासारखं सपाट झालं. ओढ्यावर स्लॅब पडला, स्लॅबवर मोटारी उभ्या राहिल्या. कंपनीच्या एचआरमधल्या चैतालीला कोणाकडून तरी कळलं की, या जागेचा एक जुना नामांकित खेळाडू अजून पुण्यातच आहे, आणि सर्जेराव आपल्याच मैदानावर कोच म्हणून परत आले. आपल्याच, असं ते दोन वर्षं समजून चालले होते.

स्कूटर होळकर पुलावर आली तेव्हा अंधारून येत होतं आणि पुढे दिव्यांची रांग जागची हलत नव्हती. कंपन्यांच्या पांढऱ्या बसगाड्या, त्यांच्यात गळ्यात पट्टे अडकवून झोपलेली पोरं. आज सगळ्या शहरालाच कुठेतरी सपाट जागी पोचायची घाई झाली होती. सर्जेरावांचे पाय दोन्ही बाजूंना जमिनीवर टेकलेले होते आणि त्यांना पायांखालचा पूल जाणवत होता. किंचित डावीकडे कललेला, नाही, उजवीकडे. त्यांनी स्वतःला दटावलं. पण आता ते थांबेना. जो म्हणून गोल आठवे, त्याच्या पोटातून उतार निघे. वार्षिक सामन्यातला तो गोल, ज्यानंतर मॅनेजरसाहेबांनी खाली उतरून हात मिळवला होता, पाण्याच्या टाकीकडच्या गोलात, ओढा डावीकडे. म्हणजे उतार डावीकडे. बॉल डावीकडेच वळला होता. खडकीच्या फौजी संघाविरुद्धचा तो, ज्याची गोष्ट बायको, द्वारका, अजून सांगते, तो दुसऱ्या हाफमध्ये, बाजू बदलल्यावर, ओढा उजवीकडे. बॉल उजवीकडे वळला होता. एकही गोल असा सापडेना की जो वरच्या अंगाला, चढावर वळला. आणि बाहेरच्या मैदानांवर? ‘बाहेर सर्जा जरा दबून खेळतो’ असं लोक म्हणायचे, आणि आपण म्हणायचो, रेफरी. कधी म्हणायचो, बूट. कधी म्हणायचो, जेवण बाधलं. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. रांग सरकली होती आणि त्यांच्यापुढे हातभर, अगदी मोजून द्यावी तशी हातभर जागा मोकळी पडली होती. रिक्षावाला शेजारून जाताना म्हणाला, “काका, पूल बघायला आलात का? सकाळी या, तेव्हा चांगला दिसतो.” एरवी सर्जेरावांनी त्याला त्याच भावात परत दिलं असतं. आज त्यांनी नुसती स्कूटर पुढे घेतली.

कारण या सगळ्याच्या खाली मुंबई होती आणि तिच्याकडे जायचं नाही म्हणून ते इतका वेळ कारखान्यातच घुटमळत होते. तीस वर्षांपूर्वी निरनिराळ्या कारखान्यांतले खेळाडू निवडून एक संघ कोलंबोला जाणार होता. त्याची निवड मुंबईत होती. पुण्याहून दोघं गेले होते, सर्जा आणि त्याचा लेफ्ट विंगर मैनुद्दीन. दोघांचीही निवड झाली नाही. एस.टी.नं शिवाजीनगरला उतरले तेव्हा स्टँडवर सर्जाचे वडील, धोंडिबा, न्यायला आलेले होते. पांढरा सदरा, धोतराचा सोगा एका हातात, दुसऱ्या हातात केळी. पोराचा चेहरा बघून ते काही विचारत बसले नाहीत. “नाव बघून कापलं आसंल,” ते म्हणाले, “दुसरं काय हाय त्यात.” आणि सर्जानं मान हलवली. एवढंच झालं होतं. पण त्या एका मान हलवण्यावर घर उभं राहिलं. धोंडिबांनी धायरीच्या वेशीबाहेर बालपण काढलं होतं, ओंजळीत वरून पाणी घेऊन प्यायलं होतं, छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर पहिल्यांदा त्यांनी आरशात ताठ मानेनं बघितलं होतं. त्यांच्या आयुष्यात ही गोष्ट बसत होती, घट्ट बसत होती. तिला पुरावा लागत नव्हता. सर्जेरावांनाही ती परकी नव्हती. कँटीनमध्ये आडनाव विचारून झाल्यावर बाक बदलणारी माणसं त्यांनी स्वतः पाहिली होती. नाव बघून कापणारे या जगात होते, आहेत, याबद्दल त्यांना तेव्हाही शंका नव्हती आणि आत्ताही नव्हती. प्रश्न फक्त त्या एका दुपारचा होता. त्या दुपारी बॉल हातभर बाहेर जात होता. दर वेळी, एकाच बाजूनं. हे त्यांना आठवत होतं, नेहमीच आठवत आलं होतं. फक्त त्याला आजवर काही अर्थ नव्हता आणि आज संध्याकाळी एका पोरानं नाडी बांधता बांधता त्याला अर्थ दिला होता. मग आपण कोण होतो? कापलेला खेळाडू, की उतारावरचा दगड? पहिला असल्याचा राग तीस वर्षं पुरला होता, त्या रागावर माणूस ताठ चालू शकतो. दुसरा असलो तर चालायचं कशावर?

शनिवार पेठेत मैनुद्दीनचं बॅगांच्या चेन आणि पट्टे दुरुस्त करायचं दुकान होतं. दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधली फट, तिच्यात एक शिलाईमशीन आणि एक मैनुद्दीन. पूर्वी शाळेच्या दप्तरांचं काम असायचं, आता लॅपटॉपच्या बॅगा यायच्या. सर्जेराव फळकुटावर टेकले तेव्हा मैनुद्दीननं वर न बघताच बोळात हाक मारून चहा सांगितला.

“मैनू, एक विचारायचंय.”

“गोल विचारू नकोस, ते तुला पाठ आहेत. पास विचार.”

“मुंबईला मी कसा खेळलो होतो?”

मशीन थांबलं. मैनुद्दीननं चष्मा कपाळावर चढवला आणि मित्राकडे बघितलं. हा प्रश्न इतकी वर्षं दोघांच्या मध्ये होता. त्याच्या अवतीभवती दोघांची लग्नं झाली, पोरं झाली, चहा प्यायले गेले, आणि कोणी त्याला हात लावला नव्हता.

“वाईट,” तो म्हणाला.

सर्जेरावांना वाटलं होतं की, धक्का बसेल. तसा बसला नाही. पोटात काहीतरी सावकाश, ओळखीच्या बाजूला सरकत गेलं.

“मी पायात द्यायचो,” मैनुद्दीन म्हणाला, “आणि तू आधीच आपल्या रस्त्याच्या अंगाला निघालेला. तिथे कुठला आला रस्ता? तिथे समुद्राचा वारा. मारलेस ते सगळे हातभर बाहेर. त्यांचा गोलकीपर हात कमरेवर ठेवून उभा. आपल्याकडे ठेवायचे तसाच. मी म्हणतोय, थांब बेट्या, आता येतो बघ आत. आणि तो येईचना.”

“तुला तेव्हाच कळलं होतं?”

“मला कळणार नाही? मी तुला उतारावर सोडायचो रोज.” तो जरा हसला, मग हसू आवरलं. “एस.टी.त सांगणार होतो. तू खिडकीला डोकं लावून झोपेचं सोंग घेतलंस. शिवाजीनगरला सांगणार होतो, तर तिथे तुझे वडील उभे, केळी घेऊन. ते बोलले. तू मान हलवलीस. आता त्यात मी काय घालू? म्हणू, चाचा, नाव नाही, मैदान सपाट होतं?”

“म्हणायचं.”

“तू म्हणाला असतास?”

चहा आला. काचेच्या पेल्याला बोटं भाजत होती, तरी सर्जेरावांनी तो खाली ठेवला नाही. रस्त्यावरून कोणाची तरी स्कूटर गेली, तिच्या दिव्याचा पट्टा भिंतीवरून फिरून गेला.

“आणि तुला का कापलं?”

“मला? मी बरा खेळलो होतो.” मैनुद्दीननं खांदे उडवले. “माझं नाव तरी तुझ्यापेक्षा काय सोयीचं होतं? तेही असेल. नसेल. कोणी येऊन सांगितलं थोडंच. मी घरी सांगितलं, दुसरा माझ्याहून चांगला होता. होताही. हाताच्या नखांपर्यंत डावखुरा होता साला.”

“मग ते गोल कोणाचे रे, मैनू? आपल्या मैदानावरचे. माझे, की उताराचे?”

आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं वळून बघितलं. मैनुद्दीन बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिला, दोरा आत जाईना. “मला कशाला विचारतोस,” शेवटी तो म्हणाला. “मी मागून पास देणारा. मला तुझी पाठ दिसायची.” आणि सर्जेराव उठले तेव्हा मागून, “शनिवारी आधी बॉल जमिनीवर सोडून बघ. नवीन मैदान असलं की मी बघायचो. तू तेव्हा पब्लिकशी गप्पा मारत पायाला पट्ट्या बांधत असायचास.”

धायरीला पोचेपर्यंत त्यांनी मनातल्या मनात द्वारकेला सांगून टाकलं होतं, दोन-तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये, जिथून धोंडिबांच्या लहानपणीचं गाव पाहायला गेलं तर दुसऱ्या इमारतींच्या पाण्याच्या टाक्याच दिसायच्या, भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली धोंडिबांचा फोटो होता. त्यांच्या डाव्या खांद्याशेजारी कारखान्याच्या संघाचा फोटो, मागे पाण्याची टाकी. सर्जेराव बूट न काढता त्याच्यापुढे उभे राहिले. फोटोतसुद्धा टाकी जरा कललेली दिसत होती. म्हणजे टाकी सरळ होती, फोटोवाला उतारावर उभा होता. आजपर्यंत वाटायचं की, फ्रेमच वाकडी लागलीय. कितीदा तरी त्यांनी ती सरळ केली होती.

“अहो, चपला-बूट काढायची पद्धत आहे या घरात,” द्वारका आतून म्हणाली आणि मग बाहेर येऊन त्यांच्याकडे बघून थांबली. “काय झालं? लागलं का कुठं?”

“मला सांग, लग्नाआधी तुला माझ्याबद्दल काय सांगितलं होतं?”

“आता काय चौकशी आयोग नेमलाय? सांगितलं होतं की, पोरगा कोलंबोला जायचा होता, नाव बघून कापला. तुमच्या आधी ती गोष्टच घरात येऊन बसली. माझे वडील म्हणाले, ज्याच्यावर अन्याय झाला आणि तरी जो रोज कामावर जातो, त्याला पोरगी द्यायला हरकत नाही.” ती हसली. “तुम्ही काय, नंतर आलात पोहे खायला.”

आता सांगावं, असं सर्जेरावांना वाटलं. वाक्य तयार होतं, लहान होतं. पण त्यांनी बघितलं, द्वारका जाता जाता पदराच्या टोकानं धोंडिबांच्या फोटोची काच पुसत होती, लक्ष नसताना, रोजच्यासारखी, आणि ते वाकून बुटाची नाडी सोडू लागले. हे आपल्या एकट्याचं थोडंच आहे, असं त्यांनी स्वतःला समजावलं. मेलेल्या माणसाचं समाधान काढून घ्यायचा आपल्याला काय अधिकार? पण हे समजावणं खोटं होतं, हेही त्यांना कळत होतं. भीती धोंडिबांसाठी वाटत नव्हती. उद्या सकाळी उठून हातभर बाहेर मारणारा एक म्हातारा म्हणून या घरात चहा प्यायला बसायचं, त्याची भीती होती. त्या रात्री ते पलंगाच्या कडेला झोपले तरी त्यांना सारखं वाटत राहिलं की, आपण घसरतोय.

शनिवारी ते सगळ्यांच्या आधी हिंजवडीला पोचले. मैदानावर अजून कोणी नव्हतं, फक्त चारी बाजूंनी गाड्या वाहत होत्या. सर्जेरावांनी मधल्या वर्तुळात वाकून बॉल खाली ठेवला आणि हात काढून घेतला. गुडघ्यातून कळ आली. बॉल जागचा हलला नाही. दुसरीकडे ठेवून बघितलं, कोपऱ्यात ठेवून बघितलं. बॉल जिथे ठेवला तिथे गुमान राहिला, पाटावर बसवलेल्या शहाण्या मुलासारखा. पोरं आली, त्यांनी निळे शर्ट चढवले. चैताली पाण्याच्या बाटल्या आणि टाळ्या वाजवायला ऑफिसातली बरीच माणसं घेऊन आली. प्रज्ञेश जवळ येऊन म्हणाला, “सर, ठरला का रोड?” आणि त्यांच्या तोंडून निघालं, “नंतर सांगतो.” सांगायला काय लागत होतं? दोन शब्द. पण ते दोन शब्द उच्चारले की त्यांच्या पाठोपाठ बाकीचं सगळं ओढलं येणार होतं. टाकी, केळी, द्वारकेचा पदर.

मग पहिला हाफ त्यांना मुकाट्यानं बघावा लागला. बघणं म्हणजे शिक्षा होती. निळ्या शर्टातली पोरं चांगली खेळत होती आणि कुठेही वेळेवर पोचत नव्हती. पास देणारा हातभर बाजूला देत होता, घेणारा एक पाऊल सरकत होता. कोणी या रस्त्याकडे, कोणी त्या. काही जण वजा करत होते, काही विसरत होते. दोन वर्षांत त्यांच्या पायांना तो उतार लागला होता, जो त्यांनी कधी पाहिलाही नव्हता. जमिनीखालून बुलडोझरनं खरवडून नेलेलं मैदान सर्जेरावांनी या पोरांच्या घोट्यांत भरून ठेवलं होतं. समोरच्या संघानं एक गोल केला. साधा, पायात पास, सरळ गोलात. कोणालाही काही वळवावं लागलं नाही. हाफटाइमला पोरं त्यांच्याभोवती गोळा झाली, घामेजलेली, गोंधळलेली. “सर, तुम्ही काही ओरडतच नाही,” प्रज्ञेश म्हणाला, “आम्हाला कळत नाही कुठे धावायचं.” सर्जेराव म्हणाले, “पायात द्या. सरळ मारा.” “सर फॅक्टर काढून?” कोणीतरी विचारलं. “काढून.” का ते त्यांनी सांगितलं नाही. पोरांनी मान हलवली.

दुसऱ्या हाफमध्ये खेळ सुधारला. पास पायांत जाऊ लागले, दोनदा निळे शर्ट गोलापर्यंत जाऊन आले. सर्जेराव रेषेच्या इतके जवळ उभे होते की लाइन्समननं दोनदा मागे व्हायला सांगितलं. आणि अगदी शेवटी, रेफरी घड्याळाकडे बघायला लागल्यावर, डावीकडून एक लांब पास आला. तो पडायच्या आधीच प्रज्ञेश निघाला होता. कोणी सांगितलं नव्हतं, कोणाच्या ध्यानातही नव्हतं. तिथे अजून काहीच नव्हतं, रिकामं गवत होतं, आणि तो त्या रिकाम्या गवताकडे असा निघाला की जणू कोणीतरी त्याला तिथे भेटायचं कबूल केलंय. बचाव करणारे दोघं मागे वळून बघेपर्यंत तो त्यांच्या मधून गेला होता. सर्जेरावांना त्याचा चेहरा दिसत नव्हता, फक्त पाठ दिसत होती. निळ्या शर्टात फुगलेली, किंचित पुढे झुकलेली, कोणाचंही न ऐकणारी पाठ. आणि त्यांना ती ओळखू आली. ही पाठ त्यांनी आयुष्यात कधी पाहिली नव्हती, कारण ती पाहायला मैनुद्दीन व्हावं लागलं असतं. बॉल आला. प्रज्ञेश तिथे होता. गोलकीपर एका बाजूला, समोर सगळा गोल उघडा, सरळ मारायचं. पायानं, दोन वर्षं शिकवलेल्या त्या आज्ञाधारक पायानं, वजा केलं नाही. बॉल जमिनीलगत, जोरात, सुंदर, खांबाच्या हातभर बाहेरून गेला. गोलकीपरनं हात कमरेवर ठेवले. सर्जेराव वाट बघत होते, या क्षणालाही ते बॉल वळायची वाट बघत होते. तो वळला नाही. शिट्टी वाजली.

प्रज्ञेश गुडघ्यांवर बसला होता, मग उठला आणि चालत रेषेकडे आला. त्याचा चेहरा बघून चैताली पुढे धावली. “अरे, त्यानं पुश केलं तुला! मी बघितलं. क्लिअर पेनल्टी होती. होम ग्राउंड ना त्यांचं, रेफरी कशाला देतोय!” मागची माणसंही म्हणायला लागली, हो, हो, ढकलला. चैताली खोटं बोलत नव्हती. तिला पोराचा चेहरा बघवत नव्हता, एवढंच. प्रज्ञेशच्या डोळ्यांत ते हळूहळू उतरू लागलं, पुश, पेनल्टी, होम ग्राउंड. आणि त्यानं सर्जेरावांकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. सरांनी नुसती मान हलवायची होती. त्या मान हलवण्यावर हा पोरगा तीस वर्षं काढू शकला असता, ताठ, रागावलेला, सुखरूप. सर्जेरावांच्या नाकाशी पिकलेल्या केळ्यांचा वास आला. धोतराचा सोगा हातात धरून धोंडिबा समोर उभे होते, त्यांच्या डोळ्यांत तीच माया होती, आणि सर्जेरावांना त्या म्हाताऱ्याचा इतका लळा दाटून आला की डोळे भरले. पण मान त्यांनी हलवली नाही.

“कोणी हात लावला नाही त्याला,” ते म्हणाले. “चुकला.”

प्रज्ञेशचा चेहरा थोबाडीत बसल्यासारखा झाला.

“हातभर बाहेर गेला. मी तसंच शिकवलं होतं म्हणून गेला. आमचं मैदान कललेलं होतं रे, ओढ्याकडे. त्याच्यावर बॉल यायचा. तुमच्या मैदानावर येत नाही. हे मला बुधवारपर्यंत ठाऊक नव्हतं. आणि बुधवारपासून ठाऊक होतं तरी मी बोललो नाही.” श्वास पुरेना म्हणून ते थांबले. “पण तिथे तू सगळ्यांच्या आधी पोचला होतास. बॉलच्या आधी. ते काही मी शिकवलेलं नाही, आणि ते उतारानंही होत नाही. तेवढं तुझं आहे.”

बोलून झाल्यावर त्यांना ऐकू आलं की, हे आपण त्याला आणि स्वतःला, दोघांना सांगितलं. गाड्या वाहत होत्या. समोरचा संघ मैदानाच्या मध्यावर नाचत होता.

“मीही अस्साच चुकलो होतो,” ते म्हणाले.

प्रज्ञेशनं शर्टानं तोंड पुसलं. अजून रागावलेला होता, पण डोळे त्यांच्यावरच होते. “कुठे, सर?”

“मुंबईला,” सर्जेराव म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून हळूहळू खाली गवतावर बसले, कारण हे उभ्या उभ्या सांगून होणारं नव्हतं.